घंटी किती वाजली

इंद्रजीतच्या फोनला रबर होतं. साधा बटणाचा फोन, मागचं झाकण कधीच हरवलेलं. रबर नीट बसलं तर बॅटरी बसायची, बॅटरी बसली तर फोन चालायचा. खिशात जरा जास्त हाललं की बॅटरी सरकायची आणि फोन मरायचा. मेलेला फोन काही ओरडून सांगत नाही. शिफ्ट सुटल्यावर खिशातून काढावा तेव्हा कळायचं, हा तर दुपारपासूनच गेलाय.

एरवी त्यानं हे असंच रेटलं असतं. पण मेघाला नववा लागला होता.

पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण मेघाचं माहेर कन्नडच्या पुढं, घाटाच्या अंगाला, आणि त्या साली तिथल्या विहिरीनं उन्हाळा लागायच्या आधीच तळ दाखवला होता. टँकर आला तर आला. "बाळंतिणीला अंघोळीला पाणी कुठून आणू माय, तिथंच ठिवा पोरीला," असं मेघाची आई रडत म्हणली होती. इथं कंपनीजवळ बजाजनगरात तरी काय मोठी गंगा वाहत होती, नळ चार-चार दिवसांनी यायचा. पण यायचा. म्हणून मेघा इथंच राहिली, आणि इंद्रजीतची आई, पारूबाई, गावाकडून इथं आली. वडील अप्पाराव मागं थांबले. दोन शेळ्या आणि टँकरच्या रांगेतला नंबर सोडून माणूस येणार कसा.

मागच्या तपासणीला घाटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी इंद्रजीतला बाजूला घेतलं. म्हणाल्या, वार खाली आहे. अंगावरून जायला लागलं तर कळांची वाट बघायची नाही, तडक निघायचं. आणि हिचं रक्त निगेटिव आहे, उन्हाळ्यात रक्तपेढीत सापडेलच असं नाही, देणारा माणूस धरून ठेवा.

माणूस होता. बन्सी. कंपनीत इंद्रजीतच्याच पत्रा दाबायच्या प्रेसवर, त्याच शिफ्टला, त्याच ठेकेदाराकडं. रक्तही तेच. बन्सीनं ऐकलं आणि म्हणला, "टाकी भरलेली हाय, सांग कव्हा खाली करायची ते."

म्हणजे सगळं ठरलेलं होतं. शेजारच्या सांडूची रिक्षा पारूबाई आणि मेघाला घेऊन निघणार, आणि त्याच वेळी इंद्रजीत बन्सीला घेऊन कंपनीतून निघणार. फक्त इंद्रजीतला कळलं पाहिजे होतं. आणि कळायचं त्या रबराच्या फोनवर.

पारूबाईला आकडे वाचता येत नव्हते. एक बटण दाबून धरलं की लेकाला लागतो, एवढं तिला पाठ होतं. बोलायची तर गरजच नव्हती. त्यांच्या घरात बरीच वर्षं घंट्यांवर कारभार चालायचा. एक घंटी म्हणजे सगळं बरंय. दोन म्हणजे येताना काहीतरी घेऊन ये. तीन म्हणजे असशील तसा नीघ. घंटी द्यायची आणि कापायचा. समोरच्यानं उचलायचं नाही, उलटा फोन करायचा नाही, आणि एकदा दिलेली घंटी परत द्यायची नाही. दिली म्हणजे सांगून झालं. रोज चहाच्या सुट्टीच्या सुमाराला पारूबाई खोलीबाहेरच्या पायरीवर यायची, कारण आत पत्र्याखाली रेंज नव्हती, आणि एक घंटी द्यायची. इंद्रजीतच्या मांडीवर फोन एकदा थरथरायचा. झालं. मग तो चहा प्यायचा.

आता त्या फोनचा भरवसा राहिला नव्हता.

"नवा घ्या," मेघा म्हणली. "पण बटणाचाच घ्या."

"आता बटणाचा कोण घेतं?"

"ज्याला घंटी ऐकायची आसंल तो."

त्याच्या मनात काचेचा टच फोनच होता. आणि खरं सांगायचं तर फार दिवसांपासून होता. त्याला कारणंही सापडली होती. सुपरवायझर चिन्मय सर म्हणले होते की आता पुढच्या आठवड्याच्या शिफ्टची नावं ग्रुपवर पडणार. पाण्याची कपात झाल्यापासून कंपनीनं शिफ्टा कमी केल्या होत्या, नाव आहे का नाही हे रोज कुणाकुणाला विचारत फिरायचं त्याला जिवावर यायचं. कारण खोटं नव्हतं. पण कारण नसतं तरी त्याला टचच पाहिजे होता.

सुट्टीच्या दिवशी तो बन्सीच्या गाडीवर पैठण गेटला गेला. गल्लीत फोनचीच दुकानं. बन्सीनं स्वतःचा टच मागच्या वर्षी इथूनच घेतला होता, मोईनभाईकडून. मोईनभाईनं काचेवर दोन फोन मांडले.

"देखो भाई, दोईच चीजां हैं. ये बटनवाला. नया, डब्बा बंद. गिरा तो भी बजता. और ये टच. पुराना है, लेकिन खरोच दिखाव तो फुकट लेके जाव. पहले एक डाक्टर के पास था."

"डाक्टरनं इकला कामून मग?" बन्सी म्हणला.

"उसकू नया होना था. अब आदमी का दिल है."

इंद्रजीतनं दोन्ही हातात घेतले. बटणाचा फोन ठरवलेल्या पैशात बसत होता आणि वर बाळाच्या दुपट्या-झबल्याचे उरत होते. टचसाठी ते झबल्याचेही घालावे लागणार होते. त्यानं बटणाचा फोन खाली ठेवला. परत उचलला. परत ठेवला.

"भाई, शादी थोडी करनी है," मोईनभाई म्हणला.

"कंपनीत नेता येतो ना रे टच?" इंद्रजीतनं बन्सीला विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं. फाटकावर पाटीच होती, कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ नये. आणि हेही माहीत होतं की त्या पाटीकडं कुणी बघत नाही.

"डब्याच्या पिशवीत घालायचा आन् छाती पुढं काढून जायचं. वर्ष झालं नेतो मी."

झालं, ठरलं. मोईनभाईनं जुन्या फोनातलं सिम काढलं, चिमट्यासारख्या यंत्रात धरलं आणि दाबलं. कट. सिमच्या कडेची चौकट तुटून काचेवर पडली.

"अब ये पुराने फोन में नक्को डालना. बैठताच नहीं. छोटा हो गया."

जुन्या फोनाचे त्यानं थोडे पैसे वजा केले आणि तो रबरासकट एका खोक्यात टाकला. आत तसलेच कितीतरी पडले होते. इंद्रजीतला उगाच वाटलं, रबर तरी काढून घ्यावं. नाही काढलं.

मोईनभाईनं गाणीही भरून दिली. बन्सीनं त्यातलं एक भीमगीत शोधून रिंगला लावलं, सुरुवातीलाच ढोलकी कडाडणारं. "आता स्मशानात ठिवला तरी ऐकू यील."

घरी पारूबाईनं फोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "ह्याला बटणं कुठंयत?"

"तुला काय करायचंय आई बटणाचं, तुझा तर तोच हाय. फक्त इकडं वाजंल."

"वाजव बरं."

तिनं पायरीवर जाऊन एक घंटी दिली. आत ढोलकी कडाडली आणि थांबली. मग तीन घंट्यांएवढं धरलं, ढोलकी तेवढा वेळ वाजली. पारूबाईचं समाधान झालं. "वाजती बापा, लगन लागल्यावानी वाजती."

मेघा भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजले होते. तिनं फोनाकडं बघितलं, मग पिशवीकडं, झबल्याचं कापड आलं का ते बघायला. आलं नव्हतं. ती तेवढंच म्हणली, "कंपनीत न्यू देत्यात ना?"

"सगळे नेत्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या शिफ्टला फाटकावर रांग लागली होती. रांग कधी लागत नसे. पुढं अनंतराव उभे होते, फाटकावरचे जुने गार्ड, आणि त्यांच्या टेबलावर लाकडी पेटी होती, वर कुलपाची कडी. पिशव्या उघडून बघणं चाललं होतं. टच फोन निघाला की पेटीत, हातावर नंबराचा बिल्ला.

"काय झालं?" बन्सीनं पुढच्याला विचारलं.

"कुणीतरी फोटो काढला म्हणं. ऑफिससमोरच्या हिरवळीला पाणी मारायलेत, त्याचा. गावभर फिरला. इकडं लोकं टँकरमागं पळायलेत, आन् ह्यांच्या गवताला आंघोळ. साहेब लई तापलेत."

इंद्रजीतनं रांगेतून पुढं डोकावून बघितलं. बटणाचे फोनवाले झटझट आत चालले होते. त्यांचं कुणी काही बघत नव्हतं. त्याला वाटलं एखाद्याचा फोन मागावा आणि आपलं सिम घालावं. मग आठवलं, सिम कापलेलंय. वाटलं, दुसऱ्याचा नंबर आईला द्यावा. पण आई तो लावणार कसा, तिला एकच बटण माहीत. मागं फिरावं तर खाडा. एका खाड्याला ठेकेदार काही बोलला नसता, पण बाळंतपण आजच होईल असं तरी कुठं होतं? उद्याही ही पेटी असणार, परवाही. किती दिवस मागं फिरणार?

त्याचा नंबर आला.

"काका, माझी बायको दिवसावर हाय. घरून घंटी यील."

"येऊ दे."

"मला सांगाल का वाजली तर?"

"चाळीस फोन हायत पेटीत. दर घडीला एक बोंबलतो. मी काय टेलिफोनवाला हाय का?" अनंतरावांनी आवाज खाली केला. "आन् वर बघ. कॅमेरा हाय माझ्या डोस्क्यावर. उघडताना दिसलो तर माझीच पेटी बांधतेल. चहाच्या सुट्टीत ये. तेवढं बघू दीन."

इंद्रजीतनं फोन पेटीत ठेवला. पाळण्यात बाळ ठेवावं तसा हळू. बन्सीनंही स्वतःचा टाकला. "माझ्याला सोबत आसू द्या," म्हणला. कुणी हसलं नाही.

प्रेसवर एकानं पत्रा सरकवायचा, एकानं उचलायचा. इंद्रजीत सरकवायला. हात रोजच्यासारखा चालत होता, पण मांडी गप्प होती. रोज मांडीवर फोनाचं वजन असायचं. आज खिसा हलका होता आणि तो हलकेपणाच जास्त जाणवत होता.

"पत्रा बघ, बोटं जातील," बन्सी ओरडला. प्रेसच्या आवाजात ओरडूनच बोलावं लागायचं.

चहाची घंटा झाली तसा तो फाटकाकडं पळाला. चहा नाही, हात धुणं नाही. अनंतरावांनी वर कॅमेऱ्याकडं बघितलं, पाठ आडवी धरली आणि पेटी उघडली. "लवकर."

काचेवर बोट लावलं. उजेड झाला. एक मिसकॉल. आई.

एक मिसकॉल. इंद्रजीत बघतच राहिला. किती वाजता आला ते होतं, कुणाचा ते होतं, आईच्या नावापुढं लाल बाणही होता. पण घंट्या किती, ते कुठंच नव्हतं. एक घंटी दिली तरी तेच, तीन दिल्या तरी तेच. वेळही चहाच्या आसपासचीच. रोजचीच.

"काका, किती घंट्या वाजल्या?"

"काय?"

"माझ्या फोनावर. एक का तीन?"

"आरं बाबा, मी मोजत बसतो का? हां, मगाशी एक कुणाचा तरी लई येळ वाजत व्हता. वाजून वाजून आपोआप बंद पडला. बाकीचे वाजत्यात आन् थांबत्यात."

लई वेळ. इंद्रजीतला हायसं झालं. मग तो आपला नाही. आई तिनाच्या वर कधी जातच नाही. जन्मात गेली नाही. लई वेळ वाजवणं म्हणजे तिच्या हिशोबानं पैसे नाल्यात ओतणं. म्हणजे आपला 'वाजतो आन् थांबतो' त्यातला. एक घंटी. सगळं बरंय.

तरी त्यानं उलटा फोन लावला. घराचा नियम मोडून. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. म्हणजे फोन आत, पत्र्याखाली. हेही रोजचंच. सांडूला लावला. वाजला, उचलला नाही. सांडू रिक्षा चालवताना फोन उचलत नाही. पण रिक्षात कोण बसलेलं आहे ते काही फोन सांगत नाही.

"बास कर," अनंतराव म्हणले. पेटी बंद झाली.

"काय म्हणती वहिनी?" प्रेसवर बन्सीनं विचारलं.

"आईची घंटी हाय."

"किती?"

"एक आसंल."

"आसंल म्हंजी?"

इंद्रजीतनं सांगितलं. बन्सी पत्रा उचलायचा थांबला, मग परत उचलायला लागला. प्रेस खाली यायची, वर जायची.

इंद्रजीत मनाला समजावत होता. एकच असणार. तीन असत्या तर आईनं परत केला असता. परत नाही केला, म्हणजे एकच.

आणि तिथं त्याचा हात थांबला.

आई परत करत नसते.

तीन दिल्या असत्या तरी तिनं परत केला नसता. दिली म्हणजे सांगून झालं. तिच्या लेखी इंद्रजीतला कळलेलं आहे, तो निघालाय, बन्सीच्या मागं गाडीवर बसलाय. ती आता वाट बघणार, पण फोन करणार नाही. एक असो का तीन, शिफ्ट सुटेपर्यंत त्या पेटीत आता काहीच वाजणार नव्हतं. तो कितीही वेळ थांबला तरी त्याला काही कळणार नव्हतं. थांबून कळण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"इंद्रजीत!" बन्सीनं त्याचा हात मागं ओढला. प्रेस रिकामीच खाली आली.

"मी चाललो," इंद्रजीत म्हणला. "तू बी चल. नाय, थांब. तुझा खाडा व्हईल. एक घंटी आसंल तर आपण दोघं बी येड्यात निघू."

"माझं रक्त हाय का ठेकेदाराचं?" बन्सीनं हातमोजे काढले. "येड्यात निघालो तर वहिनीच्या हातचा चहा पिऊन यू. चल."

चिन्मय सर लाईनच्या टोकाला उभे होते. शहरातलेच, इंद्रजीतपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे असतील. प्रेस थांबलेली बघून आलेच.

"काय चाललंय?"

"सर, गेटपास पायजे. दोघांला. बायकोचं..."

"फोन आलाय घरून?"

"आलाय सर. पण किती आलाय ते कळंना."

सरांना काही समजलं नाही. इंद्रजीतनं सांगायला सुरुवात केली, एक घंटी, तीन घंट्या, आणि बोलता बोलता त्यालाच कळलं की हे ऐकणाऱ्याला किती खुळं वाटत असेल. सर मात्र ऐकत होते.

"म्हणजे नक्की काही माहीत नाही."

"नाय."

"दोघं गेलात तर प्रेस बंद. ठेकेदाराला नावं कमी करायचीच आहेत, त्याला निमित्त मिळेल. मी पास देतो. पण पुढचं माझ्या हातात नाही, हे आत्ताच सांगतो."

"द्या सर."

सरांनी सही केली. बन्सीच्या पासवरही केली, पण त्याच्याकडं बघत विचारलं, "तुमचं काय कारण लिहू?"

"लिहा रक्ताचं नातं," बन्सी म्हणला.

फाटकावर अनंतरावांनी पास बघितले, पेटी उघडली. बन्सीचा फोन वरच होता. इंद्रजीतचा सापडेना. खाली-वर केलं, सगळे काळेच, सगळे सारखेच. अनंतराव एकेक उचलून बिल्ला बघायला लागले. इंद्रजीतला एका जागी उभं राहवेना.

"थांबा काका," बन्सी म्हणला, "मी लावतो त्याला."

त्यानं लावला. पेटीच्या तळातून ढोलकी कडाडली.

अनंतरावांचा हात तसाच राहिला. त्यांनी इंद्रजीतकडं बघितलं.

"हा तुझा हाय?"

"हां."

"आरं, हाच. हाच मगाशी लई येळ वाजत व्हता. ही ढोलकीच. मला वाटलं पोरं गंमत करायलेत."

ढोलकी वाजतच होती. बन्सीनं कापला नव्हता. इंद्रजीतच्या डोक्यात कुठंतरी हिशोब चालला होता, आई तिनाच्या वर जात नाही, आई तिनाच्या वर जात नाही. मग तो हिशोब थांबला. आई मोजायची विसरली होती.

पुढचं त्याला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. बन्सीची गाडी, कंपनीजवळच्या पंढरपूर फाट्यावरची ट्रकची गर्दी, नगर नाक्यावर पाण्याचा टँकर आडवा आणि त्याच्या नळातून रस्त्यावर लागलेली धार. बन्सी आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूनं घुसला. छावणीत पोलिसानं हात केला, बन्सीनं हात जोडले, हात सोडल्यावर गाडी हेलपाटली. इंद्रजीत एकच विचार करत होता. झबल्याच्या पैशात बसणारा तो फोन. डब्बा बंद. गिरा तो भी बजता.

घाटीत, प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर, पारूबाई खाली फरशीवर बसली होती. लुगड्याच्या पदराला रक्त लागलेलं, वाळून काळं पडलेलं. सांडू जिन्यात उभा होता. इंद्रजीतला बघून पारूबाई उठली नाही. फक्त म्हणली, "आलास? म्हणलं निघालाच आसशील. कळलंच आसंल तुला."

तिच्या आवाजात जराही तक्रार नव्हती. तेच त्याला सहन झालं नाही.

आतून नर्स आली. "मेघाचे नातेवाईक? रक्त देणारे कुठं आहेत? मघापासून विचारतेय, ह्या मावशी म्हणतात निघालेत, निघालेत."

"हा काय मी," बन्सी म्हणला. बाही वर करतच तो तिच्या मागं गेला.

मग नुसतं थांबणं. व्हरांड्यात पंखा होता, पण तो दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर फिरत होता. सांडूनं पाणी आणून दिलं. इंद्रजीतनं तांब्या हातात धरला आणि तसाच ठेवला. आत मेघाला ऑपरेशनला घेतलं होतं. एवढंच माहीत होतं. दार उघडलं की तो उभा राहायचा, दुसऱ्याच कुणाचं नाव निघायचं, तो बसायचा.

"आई," तो एकदा म्हणला, "किती घंट्या दिल्यास?"

"मोजल्याच नाय रे. तिच्या अंगावरून धार लागली. मी बटण दाबलं आन् धरून उभी राहिले. कापायचं ध्यानातच नाय आलं. म्हणलं उचलशील. मग म्हणलं, ह्यानं कव्हा उचललाय? त्याला सवय नाय उचलायची. पण कळलं आसंल."

"फोन माझ्यापाशी नव्हता आई. गेटवर ठिवून घेतला."

तिनं त्याच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. काहीतरी बोलणार होती, पण त्याच वेळी दार उघडलं, आणि या वेळी नाव मेघाचंच होतं.

मुलगी. बारीक, पण रडतेय. आई शुद्धीवर यायला वेळ आहे, रक्त लावलंय, आता धोका दिसत नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. बहुतेक त्याचं तोंड बघून थांबल्या.

बाळाला दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. झबलं नव्हतं. पारूबाईनं पदराचा स्वच्छ शेव शोधला आणि वरून घातला.

बन्सी कोपर मुडपून आला, तोंडात बिस्कीट. खाली बसला. तेवढ्यात इंद्रजीतच्या खिशात काहीतरी टुणकन वाजलं. ढोलकी नव्हे, दुसरंच. त्यानं काढून बघितलं. ठेकेदाराच्या ग्रुपवर पुढच्या आठवड्याची नावं पडली होती. त्यानं वरून खाली वाचली. मग परत वाचली आणि फोन बन्सीपुढं धरला.

बन्सीनंही वाचली. "दोघं बी नाय."

"नाय."

"चला, फोन कामाला तरी आला," बन्सी म्हणला आणि उरलेलं बिस्कीट मोडून अर्धं त्याला दिलं. इंद्रजीतनं ते घेतलं. दुपारपासून त्याच्या पोटात पहिल्यांदा काहीतरी गेलं.

"मोईनभाई घील का रे परत?" तो म्हणला. "बटणाचा पायजे मला. काम कुठं बी लागू दे, फोन खिशात पायजे."

"घील. निम्म्यात घील. डाक्टरचा फोन म्हणून परत कुणाला तरी इकंल." बन्सीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्या जाऊ."

पारूबाईला मात्र वेगळीच काळजी लागली होती. तिनं स्वतःचा फोन कमरेच्या पिशवीतून काढला होता आणि नुसताच हातात धरला होता. "तुझ्या बाला कळवायचंय रे. तू लावून दे. किती घंट्या देऊ?"

इंद्रजीत विचार करायला लागला. एक म्हणजे बरंय. तीन म्हणजे नीघ. पोरगी झाली, सून वाचली, लेकाचं काम गेलं, ह्याला किती घंट्या ते कधी ठरलंच नव्हतं.

"मोजू नको," तो म्हणला. "वाजू दे. बोल."

"ते उचलायचे नाईत."

"वाजू दे आई."

त्यानं लावून तिच्या कानाला दिला. पारूबाई दोन्ही हातांनी फोन धरून बसली, जसा काही तो सांडेल. तिकडं वाजत होतं. इंद्रजीतला दिसत होतं, गावात ओट्यावर अप्पाराव बसलेत, फोन पुढ्यात, आणि मोजतायत. एक. दोन. तीन. मग चवथी, आणि त्यांचा चेहरा. पाचवी. अशी घंटी त्यांच्या घरात कधी वाजली नव्हती. ते घाबरलेले असणार. हात पुढं करत असणार, मागं घेत असणार.

"उचला ना हो," पारूबाई हळूच म्हणली, जणू ते शेजारीच बसलेत.

घंटी थांबली. फोनात कुणीतरी श्वास घेतला.

"कोण? पारू? काय झालं?"

पारूबाईनं इंद्रजीतकडं बघितलं. मग बाळाकडं. इतक्या वर्षांत नवऱ्याशी फोनवर काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"काय नाय झालं," ती म्हणली. "बसा खाली आधी. बसलात का? आता ऐका."